परिचित शब्दांचा चकवा : जुन्या इंग्रजी वाङ्मयाच्या वाचनातील एक प्रश्न

शेक्सपिअर किंवा जेन ऑस्टिन वाचताना अभ्यासक अपरिचित शब्दापाशी थांबतो आणि कोश उघडतो. परिचित शब्दापाशी तो थांबत नाही. अर्थाचा विपर्यास बहुधा तेथेच होतो.

‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधील ‘वेअरफोर’ हा शब्द स्थळवाचक वाटतो. वस्तुतः तो कारणवाचक आहे. ज्युलिएट रोमिओचा ठावठिकाणा विचारीत नाही. तो वैरी घराण्यातला रोमिओच का असावा, असे ती विचारते. ‘कोठे’ असा अर्थ घेतल्यास तिने पुढे केलेले नावाविषयीचे विवेचन निराधार ठरते. ‘हॅम्लेट’मध्ये पिशाच्चामागे जाणारा नायक आपल्याला रोखणाऱ्यास धमकावतो, तेव्हा ‘लेट’ या क्रियापदाचा अर्थ ‘अडविणे’ असा आहे. ‘होऊ देणे’ या अर्थाचे ‘लेट’ व्युत्पत्तीने निराळे. पहिल्या अर्थाचे नाम भारतीय पारपत्रावरील विनंतीत ‘हिन्ड्रन्स’च्या जोडीने आजही टिकून आहे.

ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) हा प्रश्न व्यक्तिचित्रणापर्यंत पोहोचतो. तेथे जेन बेनेटच्या ठायी असलेला ‘कॅन्डर’ म्हणजे स्पष्टवक्तेपणा नव्हे, तर इतरांविषयी उदार मत बाळगण्याची वृत्ती. आजचा अर्थ लावल्यास जेन आणि एलिझाबेथ यांच्या स्वभावांतील विरोधच पुसला जातो. कॉलिन्स लेडी कॅथरिनच्या ‘कॉन्डिसेन्शन’ची स्तुती करतो, तीही मनापासून, कारण वरिष्ठाने कनिष्ठाशी सौजन्याने वागणे हा त्या काळी गुण मानला जाई. या शब्दात आजची तुच्छता वाचल्यास भाबडा खुशामतखोर उपरोधकार ठरतो. उपरोध येथे आहे, परंतु तो लेखिकेचा आहे, पात्राचा नव्हे.

मराठी वाचकास हा अर्थपालट अपरिचित नाही. धर्मशास्त्रातील ‘साहस’ म्हणजे बलात्काराने केलेला अपराध. आज तो शब्द प्रशंसेचा आहे.

यावर उपाय म्हणजे तो शब्द त्याच कृतीत अन्यत्र कसा योजिला आहे ते पाहणे, आणि नंतर कालक्रमाने अर्थ देणारा, १९२८ साली पूर्ण झालेला ऑक्सफर्डचा बृहत्कोश किंवा ऑस्टिनपूर्व काळासाठी जॉन्सनचा १७५५ चा कोश पडताळणे. वाक्य सुगम वाटले तरी पात्राचे वर्तन त्याच्याशी जुळत नसेल, तर संशय प्रथम शब्दाच्या अर्थावर घ्यावा, पात्रावर नव्हे. अनुवादकाने हे पथ्य न पाळल्यास मराठीत निराळीच व्यक्ती अवतरते, आणि मूळ कृती न वाचलेल्या वाचकाला ते कळण्याचा मार्ग उरत नाही.