उत्तम चित्रपट कोणता?

अंधेरीपासून बोरीवलीपर्यंतच्या आमच्या उपनगरांत चित्रपट ही दूरची गोष्ट नाहीं. मालाड येथें १९३४ सालीं हिमांशु राय यांनीं 'बॉम्बे टॉकीज' स्थापिली. अंधेरीस चित्रीकरण आजही चालतें. तथापि उत्तम चित्रपट कोणता, असें कोणी विचारल्यास आम्ही विद्यार्थी नटाचें नांव किंवा खर्चाचा आंकडा सांगून मोकळे होतों. हें उत्तर पुरेसें आहे काय?

प्रथम आरंभाकडे पाहूं. १९१२ सालीं दादासाहेब फाळके यांजपाशीं भांडवल नव्हतें. त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरिला, त्याच्या वाढीचीं चित्रें महिनाभर टिपलीं आणि तो लहानसा चित्रपट दाखवून कर्ज मिळविलें. पुढें पत्नी सरस्वतीबाई यांच्या साहाय्यानें केलेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांत कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लागला. आपल्या चित्रपटाचें मूळ असें धीराच्या निरीक्षणांत आहे.

हाच गुण २०१५ सालीं प्रदर्शित झालेल्या चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटांत दिसतो. आपल्या गाण्यानें एका सफाई कामगारास आत्महत्येस प्रवृत्त केलें, असा एका वृद्ध लोकशाहिरावर आरोप आहे. बहुतेक पात्रें नवख्या माणसांनीं वठविलीं आहेत. सरकारी वकीलबाई न्यायालयांत कलमें वाचतात व घरीं जाऊन स्वयंपाक करितात. त्यांत खलपुरुष कोणीच नाहीं. तरीही तारखांमागून तारखा पडतात आणि अन्याय घडत राहतो. प्रेक्षकास कोणी उपदेश करीत नाहीं; तो आपोआप अस्वस्थ होतो. २०१४ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास मिळाला. आमच्या मतें उत्तम चित्रपटाची खूण हीच: तो स्वतः निरखून पाहतो व आपणांसही पाहावयास शिकवितो.

मग अशा स्वतंत्र चित्रपटांचें भवितव्य काय? चित्रण आतां खिशांतील मोबाईलनेंही करितां येतें. खरी अडचण पुढेंच आहे. लहान चित्रपटास पुष्कळदां गैरसोयीची वेळ मिळते, आणि प्रेक्षक न आल्यास तो आठवड्यांत उतरतो. १९७६ सालच्या श्याम बेनेगल यांच्या 'मंथन'साठीं गुजराथेंतील पांच लाख दूध-उत्पादकांनीं प्रत्येकीं दोन रुपये दिले, आणि आपलाच चित्रपट म्हणून तो पाहावयास ते गांवोगांवहून आले. म्हणजे चित्रपट जगविण्याचें काम प्रेक्षकाचेंही आहे.

दोन लाख कोणी मागत नाहीं. एक तिकीट पुरे. घाटकोपरास वा मुलुंडास असा चित्रपट लागला, तर आपण पहिल्याच आठवड्यांत जावें, लक्ष देऊन पाहावा, आणि आवडला नाहीं तर कां आवडला नाहीं हेंही विचारपूर्वक सांगावें.