कीबोर्ड सदोष, विक्रेता गप्प

प्रश्न : ऑनलाइन घेतलेल्या मेकॅनिकल कीबोर्डचं एक बटण दाबलं की अक्षर दोनदा उमटतं. विक्रेता दाद देत नाही. काय करावं?
– एक वाचक, रोहा

उत्तर : स्विच काढता येत असेल, तर शेजारच्याशी अदलाबदल करा. दोष सोबत गेला तर स्विच खराब, जागेवरच राहिला तर बोर्ड. सोल्डर केलेला असेल तर मुळीच उघडू नका. व्हिडिओ करून ईमेलनेच पाठवा. फोनवरच्या आश्वासनांना पुरावा नसतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष वस्तू परत घेणं विक्रेत्याला नाकारता येत नाही. तरीही टाळाटाळ झाली तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पेण-रोह्याच्या ग्राहकाला विक्रेत्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. बिल जपून ठेवा.