बुद्धिबळात विचार कसा करतात

बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरे असतात. दोन्ही बाजूंच्या मिळून ३२ सोंगट्या. पण पहिली चाल किती तऱ्हांनी करता येते? मी पाटीवर मोजले. प्यादी आठ. प्रत्येक प्यादे पहिल्या चालीला एक घर नाहीतर दोन घरे जाते, त्या १६ झाल्या. दोन घोडे उडी मारून दोन-दोन घरी जातात, त्या ४. एकूण २०. समोरच्याच्याही २०. वीस गुणिले वीस म्हणजे ४००! एकेकच चाल झाली तर एवढे. मग पुढचे कोण मोजणार?

गुरुजी म्हणाले, मोठे खेळाडूसुद्धा सगळे मोजत नाहीत. १९७३ साली अमेरिकेत चेस आणि सायमन यांनी एक प्रयोग छापला. (चेस हे आडनाव आहे, खेळ नव्हे.) खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवून झाकला. पटाईत खेळाडूने पुष्कळ सोंगट्या जागच्या जागी मांडल्या, नवख्याला थोड्याच आल्या. मग सोंगट्या कशाही ठेवून दाखवल्या, तर पटाईताचीही फजिती! म्हणजे त्याला डाव ओळखू येत होता. गुराख्याला लांबून गुरं ओळखू येतात ना, तसे.

मला काहीच ओळखू यायचे नाही. मी आमच्या आबांशी खेळतो. त्यांचा उजवा हात लकव्याने हलत नाही आणि डावा थरथरतो. म्हणून ते नुसते सांगतात, त्यांच्या सोंगट्याही मीच हलवतो. एकदा मला एक प्यादे फुकट दिसले. मी वजिराने लगेच खाल्ले. आबा म्हणाले, "माझा घोडा घे, तिथं ठेव." मी ठेवला. बघतो तर राजाला शह आणि वजिरावर पण नेम! राजा हलवावाच लागतो. वजीर गेला. मला रडूच आले. माझ्याच हाताने ठेवलेला घोडा!

आबा म्हणाले, "माझ्या सोंगट्या हातात घेतोस, तर माझ्या डोळ्यानं पण बघ की."

आता मी चाल करण्याआधी मनात आबा होतो. पण आबांनाही माहीत आहे की मी असे करतो. त्यामुळे ते मुद्दाम सोपे दिसेल असे काहीतरी ठेवतात. हे फार अवघड आहे. मी अजून एकदाही जिंकलो नाही.

काल पुन्हा एक प्यादे फुकट होते. मी खाल्ले नाही, आधी राजा बाजूला घेतला. आबा बराच वेळ पटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "थांब, आता मला विचार करू दे."