जीपच्या इंजिनातील टायमिंग गीअर

गटविकास अधिकाऱ्याची जीप ही ग्रामीण महाराष्ट्रात अनेक वर्षे शासनाची चालतीबोलती खूण होती. विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू झाली आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यानंतर ही गाडी तालुक्यातालुक्यांत परिचित झाली. तिचे चार सिलिंडरचे, सुमारे २,२०० घनसेंटिमीटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन आता थोड्याच ठिकाणी चालू स्थितीत आढळते. तथापि कर्मशाळेत विद्यार्थ्यांना शिकविण्यास ते आजही सोयीचे आहे, कारण त्यात क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांच्यामध्ये साखळी किंवा पट्टा नसून दोन दंतचक्रे एकमेकांत थेट गुंतलेली असतात.

क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा पूर्ण होतो. दट्ट्या कोठे असताना कोणती झडप उघडावी, हे या मेळावर अवलंबून असते. लहान चक्रावर ३० दाते आहेत असे धरले, तर एका दात्याची चूक म्हणजे क्रँकशाफ्टच्या १२ अंशांची चूक. तेवढ्याने इंजिन सुरू होण्यास त्रास देते, चढावर दम टाकते आणि पेट्रोल जास्त खाते. मग दोष कार्बोरेटरला दिला जातो, आणि त्याच्या दुरुस्तीवर खर्च होतो तो वेगळाच.

चक्र काढण्यापूर्वी बॅटरीची तार सोडावी, पाणी काढून रेडिएटर, पट्टा व पंखा बाजूस करावा. हँडल लावण्याचा पुढचा नट सोडून पुली पुलरने ओढावी व टायमिंगचे झाकण काढावे. यानंतर काही कारागीर लगेच चक्रे ओढू लागतात, ते चुकीचे आहे. प्रथम इंजिन हाताने फिरवून दोन्ही चक्रांवरील खुणा समोरासमोर आणाव्यात. नंतर तेल उडविणारी चकती काढावी, कॅमशाफ्टच्या चक्राचा बोल्ट सोडून ते पुलरने काढावे आणि शेवटी क्रँकशाफ्टचे चक्र. हातोडी येथे वापरू नये. ठोक्याने क्रँकशाफ्टच्या टोकाला इजा होते, आणि मोठे चक्र दाबीव तंतूंचे असल्यास त्याचे दातेही मोडतात.

क्रँकशाफ्टच्या चक्रामागे एक थ्रस्ट वॉशर व त्याहून आत पातळ शिम असतात. क्रँकशाफ्टचे पुढे-मागे सरकणे ०.१० ते ०.१५ मिलिमीटरपर्यंत राखण्याचे काम हे शिम करतात. कपड्याला चिकटून त्यांपैकी एखादा हरवला तर तो पुढे महागात पडतो. म्हणून ते काढताक्षणी तारेत ओवून ठेवणे बरे.

दोन्ही चक्रे जोडीनेच बदलावीत. झिजलेल्या चक्राशी नवे चक्र जुळविल्यास आवाज राहतो आणि नव्याचेही दाते लवकर खराब होतात. दुरुस्तीचे देयक मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने जुनी दोन्ही चक्रे समोर मागवून घ्यावीत. बिलात एकच चक्र असेल तर कारण विचारणे योग्य ठरते.

बसविताना शिम व वॉशर मूळ क्रमाने व मूळ बाजूने घालावेत, चावी खाचेत नीट बसली आहे हे पाहावे आणि क्रँकशाफ्टचे चक्र खुणेची बाजू बाहेर ठेवून पूर्ण आत दाबावे. मग कॅमशाफ्टचे चक्र खूण जुळवून चढवावे. दात्यांमधील सैलपणा ०.०५ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा. एवढे झाल्यावर झाकण लावण्याची घाई करू नये. क्रँकशाफ्टला हाताने पूर्ण दोन फेरे द्यावेत. खुणा पुन्हा समोरासमोर आल्याच पाहिजेत. एका फेऱ्यानंतर त्या जुळणार नाहीत, त्याने विद्यार्थ्याने गोंधळून जाऊ नये.

त्यानंतर चक्रांवर तेल सोडणाऱ्या नळीचे तोंड साफ करावे, तेलाची चकती बसवावी, झाकणाचे गास्केट व ऑइल सील नवे घालावे. इंजिन सुरू केल्यावर प्रथम पुलीमागे तेल झिरपते का ते पाहावे, नंतर ठिणगीची वेळ तपासावी.