पाठीसाठी आधाराचा व्यायाम

बँकांचे संगणकीकरण होण्यापूर्वी जाडजूड खातेवह्या कपाटातून ओढून टेबलावर आणणे हे कारकुनाचे रोजचे काम होते. त्या वह्या गेल्या आणि पाठीला घडणारी ती मेहनतही गेली. बेंगळुरूसारख्या शहरात दिवसभर संगणकासमोर आणि सकाळ-संध्याकाळ वाहनांच्या कोंडीत बसणाऱ्यांचे खांदे हळूहळू पुढे झुकतात व सायंकाळी दोन्ही खांद्यांच्या मधोमध ठणका लागतो.

याच शहरात के. व्ही. अय्यर यांनी आपल्या हर्क्युलस व्यायामशाळेत वजनांच्या व्यायामाला सूर्यनमस्कारांची जोड दिली होती. त्यांचे ‘मसल कल्ट’ हे पुस्तक १९३० सालचे. त्याच सुमारास इकडे औंधचे राजे सूर्यनमस्कारांचा प्रसार करीत होते. सूर्यनमस्कार व जोर हे उत्तम व्यायाम खरेच. परंतु त्यांत हात जमिनीला रेटतात, काही ओढून घेत नाहीत. ओढण्याची मेहनत पूर्वी विहिरीचे पाणी शेंदताना आपोआप होई. नळ आले आणि ती थांबली. ही उणीव वल्हे ओढल्यासारख्या व्यायामाने भरून काढता येते.

हा व्यायाम कमरेत वाकून, अधांतरी करण्याची पद्धत व्यायामशाळांत सर्रास दिसते. नवशिक्याने ती टाळावी. वाकलेल्या शरीराचा भार कमरेवर येतो आणि थकवा आला की मनुष्य नकळत हिसका देतो. छाती टेकलेली असेल, तर हिसक्याला फारसा वाव राहत नाही आणि कमरेलाही विसावा मिळतो.

जमिनीशी साधारण ३० ते ४५ अंशांचा कोन करणाऱ्या तिरक्या बाकावर पालथे व्हावे. छाती बाकाला टेकलेली, पावले जमिनीवर घट्ट आणि मान पाठीच्या सरळ रेषेत असावी. दोन्ही हातांत हलके डंबेल्स घेऊन हात खाली सोडावेत. आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट : प्रथम खांद्याची पाती मागे, एकमेकांकडे सरकली पाहिजेत, कोपरे त्यांच्या मागोमाग यावीत. हात हे केवळ आकडे आहेत असे समजावे. कोपर बरगड्यांच्या पातळीस आले की क्षणभर थांबून, दोन-तीन सेकंद घेत वजन खाली न्यावे. ओढताना श्वास सोडावा, खाली नेताना घ्यावा. रोखून मुळीच धरू नये. खांदे कानांकडे चढू लागले, तर वजन जास्त झाले असे खुशाल समजावे. तरुण मंडळींना हे पटत नाही, कारण त्यांचे लक्ष डंबेलवरील आकड्याकडे असते!

दहा-बारा आवर्तनांचे दोन संच, आठवड्यातून दोनदा, मध्ये एक-दोन दिवस विश्रांती देऊन करावेत. शेवटची दोन आवर्तने जड वाटली, पण हालचाल बिघडली नाही, तर वजन योग्य आहे. मात्र पाठीतून पायात कळ जात असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

व्यायामशाळा जवळ नसेल, तर घरातला भक्कम दिवाण पुरतो. एक गुडघा व त्याच बाजूचा तळहात दिवाणावर टेकावा, पाठ सपाट ठेवावी आणि दुसऱ्या हाताने पाण्याने भरलेली लिटरची बाटली ओढावी. ती साधारण एक किलोची भरते. ती हलकी वाटू लागली की कापडी पिशवीत दोन बाटल्या घालाव्यात.