शर्यत कोणी जिंकली? घड्याळाला विचारा, नियमालाही विचारा!

चैत्र लागला की पारनेर तालुक्यात गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि बैलगाड्यांचे घाट माणसांनी फुलून जातात. साधारण याच दिवसांत दूर ऑस्ट्रेलियात, मेलबर्न शहरी, फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींच्या गाड्या भरधाव सुटलेल्या असतात. मार्चमध्ये सुरू झालेला हा हंगाम डिसेंबरात संपतो. २०२४ साली त्यात निरनिराळ्या देशांत मिळून २४ शर्यती झाल्या. मेलबर्नची शर्यत आपल्याकडे सकाळी दिसते, युरोपातली संध्याकाळी आणि ब्राझीलमधली रात्री उशिरा. पारनेरात बसूनही हा सारा हंगाम पाहता येतो.

घाटावरचा बैलगाडा आणि फॉर्म्युला वनची मोटार यांत साम्य ते काय, असे तुम्ही विचाराल. साम्य आहे ते मोजमापात. आपल्याकडच्या घाटात गाडे एकामागून एक, एकेकटे सुटतात. शेजारी प्रतिस्पर्धी धावत नसतो. कोण पुढे, हे डोळ्यांना दिसत नाही. ते घड्याळ सांगते. ठरावीक सेकंदांच्या आत आलेले गाडे पहिल्या नंबरात, त्याहून थोडे मागे राहिलेले दुसऱ्या नंबरात, अशी वर्गवारी लागते. मोटार शर्यतीच्या आदल्या दिवशी कोणती गाडी कोणत्या जागेवरून सुटणार हे ठरवतात, तेही असेच. ज्याची एक फेरी सर्वांत कमी वेळात, तो सर्वांत पुढे.

तेव्हा शर्यतीचा चाहता खरा जाणता व्हायचा असेल, तर त्याने दोन प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. वेळ कशी मोजली? आणि मोजलेल्या वेळेवरून विजेता कोणत्या नियमाने ठरवला? आज आपण हे दोन प्रश्न हातात घेऊन घाटापासून फॉर्म्युला वनपर्यंत एक फेरी मारू या.

घड्याळ दाबणारा हात

समजा, घाटाची धाव १५० मीटर आहे आणि एक गाडा ती १२ सेकंदांत पुरी करतो. मग त्याचा सरासरी वेग झाला सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. पंचाच्या हातात थांबते घड्याळ आहे. निशाण पडले की त्याने कळ दाबायची आणि गाड्याने शेवटची रेषा ओलांडली की पुन्हा दाबायची.

आता गंमत पाहा. निशाण पडलेले डोळ्यांनी टिपायचे, ते मेंदूला कळायचे आणि मेंदूचा हुकूम बोटापर्यंत पोहोचायचा, याला वेळ लागतो. हा वेळ साधारणपणे ०.२ सेकंद असतो. याला प्रतिक्रियाकाल म्हणतात. म्हणजे घड्याळ ०.२ सेकंद उशिरा सुरू झाले. तुम्ही म्हणाल, शेवटीही तेवढाच उशीर होईल आणि चूक चुकीने फिटेल. पण तसे होत नाही. निशाण अचानक पडते. गाडा मात्र लांबून येताना दिसत असतो. तो रेषेवर केव्हा पोहोचेल याचा अंदाज बांधून पंच बोट तयार ठेवतो आणि जवळजवळ त्याच क्षणी कळ दाबतो. म्हणून सुरुवातीचा उशीर फिटत नाही आणि मोजलेली वेळ खऱ्या वेळेपेक्षा कमी भरते.

०.२ सेकंदात आपला गाडा २.५ मीटर धावतो. आणि नंबर तर सेकंदाच्या लहानशा भागाने हुकतो! मग घाटावर घड्याळावरून वाद झाले तर नवल काय? वाद घालणारे आणि पंच, दोघेही प्रामाणिक असू शकतात. दोष कोणाच्या मनात नसतो. तो मोजण्याच्या पद्धतीत असतो.

यावर उपाय म्हणून आता काही ठिकाणी घाटावर संवेदक बसवतात. प्रकाशाचा किरण मार्गाच्या आडवा सोडलेला असतो. तो अडला की घड्याळ आपोआप सुरू होते किंवा थांबते. माणसाचा प्रतिक्रियाकाल मधून गेला. पण तरीही एक प्रश्न उरतोच. किरण कशाने अडला म्हणजे गाडा आला असे समजायचे? बैलाच्या नाकाने, शिंगाने, की गाड्याच्या चाकाने? धावण्याच्या स्पर्धेत धावपटूचे धड रेषेवर पोहोचले की वेळ धरतात. डोके, हात किंवा पाय पुढे आला तर तो धरत नाहीत. घड्याळ कितीही चांगले असो, त्याला नियमाची जोड द्यावीच लागते.

ध्यानात ठेवा, शर्यती भरवायच्या की नाही यालाही नियम आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात त्यांना अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्याबाबतचा कायदा वैध ठरवला. बैलांना इजा न करणे ही त्या अटींमधली मुख्य गोष्ट आहे.

सेकंदाचा हजारावा भाग

फॉर्म्युला वनच्या प्रत्येक गाडीत एक लहान प्रक्षेपक असतो. मार्गाच्या पृष्ठभागाखाली तारेचे वेटोळे पुरलेले असते. गाडी त्यावरून गेली की तिचा संकेत पकडला जातो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ नोंदली जाते. मोजमापाच्या साधनाने जी लहानात लहान राशी मोजता येते तिला लघुतम माप म्हणतात, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. इथे लघुतम माप ०.००१ सेकंद आहे. ताशी ३०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला ८३.३ मीटर जाते. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात ती फक्त ८.३ सेंटिमीटर सरकते.

एवढ्या बारीक मापाची गरज काय? इटलीतील मोंझा येथे ५ सप्टेंबर १९७१ रोजी झालेली शर्यत पाहा. पीटर गेथिन १ तास १८ मिनिटे १२.६० सेकंदांत पहिला आला आणि रॉनी पीटरसन १२.६१ सेकंदांवर दुसरा. दोघांत अंतर केवळ ०.०१ सेकंदाचे होते. पहिले पाचही चालक ०.६१ सेकंदात येऊन गेले. त्या वेळी लघुतम माप ०.१ सेकंदाचे असते, तर दोघांच्याही नावापुढे १२.६ हाच आकडा पडला असता.

पण माप कितीही बारीक करा, बरोबरी व्हायची तेव्हा होतेच. स्पेनमधील हेरेझ येथे ऑक्टोबर १९९७ मध्ये शर्यतीपूर्वीच्या फेऱ्यांत जाक विलनव्ह, मायकेल शूमाकर आणि हाइन्झ-हॅराल्ड फ्रेंटझेन या तिघांची वेळ अगदी सारखी आली: १ मिनिट २१.०७२ सेकंद! मार्गाची लांबी होती ४.४२८ किलोमीटर. त्यावरून सरासरी वेग ताशी सुमारे १९६.६ किलोमीटर येतो आणि हजाराव्या सेकंदाला अंतर साडेपाच सेंटिमीटर येते. एवढ्या अंतरापलीकडचा भेद त्या घड्याळाला सांगता येत नव्हता. मग पहिला कोण? ज्याने ती वेळ आधी नोंदवली तो, असा नियम होता. म्हणून विलनव्ह पहिल्या जागेवरून सुटला. घड्याळाची मर्यादा जिथे संपली तिथे नियमाने काम हाती घेतले.

गुणांची बेरीज

एक शर्यत घड्याळ ठरवते. पण सबंध हंगामाचा विजेता कोण? त्यासाठी प्रत्येक शर्यतीत क्रमांकाप्रमाणे गुण देतात आणि त्यांची बेरीज करतात. हे गुण किती द्यायचे, हे मात्र निसर्गाने ठरवलेले नाही. ते माणसांनी ठरवलेले आहे.

आधी आपल्या शाळेतले उदाहरण घेऊ. समजा, सहा मैदानी स्पर्धा झाल्या. लाल गटाने तीन पहिले क्रमांक मिळवले. निळ्या गटाने चार दुसरे आणि दोन तिसरे क्रमांक मिळवले. उरलेली बक्षिसे इतर गटांना गेली. पहिल्याला ५, दुसऱ्याला ३ आणि तिसऱ्याला १ गुण दिला, तर लाल गटाचे १५ आणि निळ्याचे १४ होतात. ढाल लाल गटाकडे! पण ३, २ आणि १ असे गुण दिले, तर लाल गटाचे ९ आणि निळ्याचे १० होतात. आता ढाल निळ्या गटाकडे! मुले तीच, धाव तीच, पण विजेता बदलला. म्हणूनच गुणांचा तक्ता स्पर्धेआधी जाहीर केला पाहिजे. निकाल लागल्यावर तो ठरवला, तर तो न्याय राहणार नाही.

आता १९८८ सालचा फॉर्म्युला वनचा हंगाम पाहा. तेव्हा पहिल्या सहांना ९, ६, ४, ३, २ आणि १ असे गुण मिळत. आलाँ प्रोस्त सात वेळा पहिला आणि सात वेळा दुसरा आला. त्याचे गुण झाले ६३ अधिक ४२, म्हणजे १०५. आयर्टन सेना आठ वेळा पहिला, तीन वेळा दुसरा, एकदा चौथा आणि एकदा सहावा आला. त्याचे गुण झाले ७२ अधिक १८ अधिक ३ अधिक १, म्हणजे ९४. प्रोस्त ११ गुणांनी पुढे, नाही का? पण विजेतेपद सेनाला मिळाले! १६ शर्यतींपैकी चालकाचे सर्वोत्तम ११ निकालच धरायचे, असा तेव्हा नियम होता. प्रोस्तचे तीन दुसरे क्रमांक, म्हणजे १८ गुण, गळाले आणि ८७ उरले. सेनाचे फक्त ४ गुण गळाले आणि ९० उरले. नादुरुस्त गाडीने एखादी शर्यत वाया गेली तर चालकावर अन्याय होऊ नये, म्हणून अशा नियमाची बाजू घेता येते. पण नियमितपणाला त्यात कमी किंमत मिळते. १९९१ पासून सगळे निकाल धरतात.

त्याआधी १९८४ साली तर विजेतेपद अर्ध्या गुणाने ठरले. निकी लाउडा ७२, प्रोस्त ७१.५. अर्धा गुण आला कुठून? मोनॅकोची शर्यत मुसळधार पावसामुळे अर्ध्याच्याही आत थांबवावी लागली. म्हणून सर्वांना निम्मे गुण मिळाले. पहिल्या आलेल्या प्रोस्तला ९ ऐवजी ४.५ मिळाले. लाउडा त्या शर्यतीत आधीच बाद झाला होता. समजा, शर्यत पुरी होऊन प्रोस्त दुसराच आला असता, तर त्याला ६ गुण मिळून बेरीज ७३ झाली असती आणि विजेतेपद त्याचे झाले असते. पहिला येऊन तोटा आणि दुसरा येऊन फायदा, असा हा चमत्कारिक हिशेब आहे.

पाच गुणांमागचे कारण

फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय चालक नारायण कार्तिकेयन. २००५ साली १९ जून रोजी अमेरिकेत इंडियानापोलिस येथे तो चौथा आला आणि त्याला ५ गुण मिळाले. भारतीय चालकाने मिळवलेले हे पहिले गुण. नुसता तक्ता पाहणारा म्हणेल, वीस गाड्यांत चौथा! पण त्या दिवशी प्रत्यक्षात सहाच गाड्या धावल्या.

कारण शास्त्रीय होते. तिथल्या शेवटच्या वळणाचा रस्ता बाहेरच्या बाजूला उचललेला होता. आपल्या घाटरस्त्यांच्या वळणांनाही असा उतार देतात. त्यामुळे वळण अधिक वेगाने घेता येते. पण वेग वाढला की टायरवरचा दाबही वाढतो. सरावाच्या वेळी एका कंपनीचे टायर तिथे निकामी झाले. ते टायर वापरणाऱ्या चौदा गाड्या सुरुवातीची फेरी मारून परतल्या आणि शर्यतीत उतरल्याच नाहीत.

मग कार्तिकेयनचे ५ गुण खोटे का? मुळीच नाही. ज्या गाडीचे टायर टिकणारे होते ती धावली, नियमाप्रमाणे चौथी आली आणि गुण मिळाले. आकडा खरा आहे. पण आकड्यामागची परिस्थिती ठाऊक नसेल, तर त्याचा अर्थ मात्र चुकीचा लागेल. परीक्षेतल्या टक्क्यांना, पावसाच्या सरासरीला आणि एकरी उताऱ्याला हीच कसोटी लावून पाहा.

करून पाहा

१. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. शून्याची खूण खाली, तुमच्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या मध्ये असू द्या. त्याने न सांगता पट्टी सोडली की ती पकडा. पट्टी किती घसरली यावरून प्रतिक्रियाकाल असा मिळेल:

५ सेंमी : ०.१० सेकंद
१० सेंमी : ०.१४ सेकंद
१५ सेंमी : ०.१७ सेकंद
२० सेंमी : ०.२० सेकंद
२५ सेंमी : ०.२३ सेकंद
३० सेंमी : ०.२५ सेकंद

दहा वेळा करून सरासरी काढा. (सूत्र: अंतराची दुप्पट करून तिला ९.८ ने भागा आणि वर्गमूळ घ्या. अंतर मीटरमध्ये घ्यायला विसरू नका.) आंतरराष्ट्रीय धावस्पर्धांत बंदुकीच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत हललेला धावपटू चुकीचा सुटला असे धरतात. का, ते आता तुम्हीच सांगा.

२. शंभर मीटरच्या एकाच धावेची वेळ पाच विद्यार्थ्यांना पाच घड्याळांवर घ्यायला लावा. पाचही आकडे वहीत लिहा. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यात किती फरक पडला? तेवढ्या फरकाने आलेले दोन धावपटू पहिला-दुसरा ठरवावेत का, यावर वर्गात चर्चा करा.

३. २०१० पासून फॉर्म्युला वनमध्ये पहिल्या दहांना २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २ आणि १ असे गुण मिळतात. १९८८ साली हाच तक्ता असता आणि सगळे निकाल धरले असते, तर सेना आणि प्रोस्त यांचे गुण किती झाले असते? (सेनाचा त्या वर्षी एक दहावा क्रमांकही होता.)

शिक्षकांसाठी: येत्या हंगामातील एखाद्या चालकाचे क्रमांक विद्यार्थ्यांना वहीत मांडू द्यावेत आणि १९८८ च्या व आजच्या अशा दोन्ही नियमांनी बेरीज करायला सांगावी. भागाकार, सरासरी आणि आलेख यांचा सराव त्यातून आपोआप होईल.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर: प्रोस्त ३०१, सेना २७५.