वाट्याला आलेली भाषा

(अमेरिकेच्या लष्करात भरती होणाऱ्या काही तरुण-तरुणींना परकी भाषा शिकावी लागते. कोणी कोणती भाषा शिकायची, हे कसे ठरवले जाते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

'उर्दू' या शब्दाचा मूळ अर्थ तुम्हांला ठाऊक आहे का? हा शब्द तुर्की भाषेतून आला आहे. तुर्की भाषेत 'ओर्दू' म्हणजे लष्कर किंवा लष्कराची छावणी. म्हणजे तुमच्या भाषेच्या नावातच फौज आहे!

फौज आणि भाषा यांचे नाते फार जुने आहे. सैनिकांना परक्या मुलखात जावे लागते. तेथील लोकांशी बोलावे लागते. शत्रूचे संदेश ऐकावे लागतात, त्याचे कागद वाचावे लागतात. संदेश कानांवर पडला, पण अर्थ कळला नाही, तर त्याचा काय उपयोग? म्हणून अनेक देशांच्या लष्करांत भाषा जाणणारे सैनिक मुद्दाम तयार केले जातात.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, पॅसिफिक महासागराच्या काठी, माँटेरे नावाचे गाव आहे. तेथे लष्कराची एक मोठी भाषाशाळा आहे. भूदल, नौदल, वायुदल अशा सर्व दलांचे विद्यार्थी तेथे शिकतात. त्यांतील बरेच जण नुकतीच शाळा संपवून आलेले असतात. 'मला कोणती भाषा मिळेल?' हा एकच प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो. कारण पुढचे कित्येक महिने त्याला त्याच भाषेत बुडून जायचे असते. पुढची नोकरीही त्या भाषेवर अवलंबून असते.

भाषा मिळण्याआधी परीक्षा द्यावी लागते. प्रथम भरतीची नेहमीची परीक्षा होते. नंतर भाषा शिकण्याची कुवत पाहणारी वेगळी चाचणी घेतात. ही चाचणी मोठी गमतीची असते. तिच्यात कोणतीही खरी भाषा विचारत नाहीत. परीक्षेसाठी एक बनावट भाषा तयार केलेली असते. तिचे नियम उमेदवाराला तेथेच ऐकवतात आणि लगेच प्रश्न विचारतात.

ही चाचणी कशी असते, हे समजण्यासाठी आपण स्वतःच एक उदाहरण तयार करू. समजा, एका बनावट भाषेत 'टोमा' म्हणजे घोडा, 'सिबू' म्हणजे पक्षी आणि 'लीन' म्हणजे काळा. नियम असा, की विशेषण नामाच्या नंतर येते आणि नामाचा शेवटचा स्वर विशेषणालाही लागतो. मग 'काळा घोडा' म्हणजे 'टोमा लीना'. आता सांगा, 'काळा पक्षी' कसे म्हणाल? 'सिबू लीनू' हे उत्तर तुम्हांला चटकन सुचले असेल, तर नवा नियम पकडण्याची कुवत तुमच्यात आहे. नेमकी हीच कुवत या चाचणीत पाहतात. उमेदवाराला आधी किती भाषा येतात, याला येथे महत्त्व नसते.

या शाळेने भाषांचे चार गट केले आहेत. पहिल्या गटात स्पॅनिश, फ्रेंच यांसारख्या भाषा आहेत. दुसऱ्या गटात इंडोनेशियन आहे. तिसऱ्या गटात रशियन, फारसी, उर्दू या भाषा येतात. चौथ्या गटात अरबी, चिनी, जपानी आणि कोरियन या भाषा आहेत. पहिल्या दोन गटांतील भाषा शिकण्यास ३६ आठवडे लागतात. तिसऱ्या गटासाठी ४८, तर चौथ्या गटासाठी ६४ आठवडे लागतात. चाचणीत पहिल्या गटासाठी किमान ९५ गुण हवेत, दुसऱ्यासाठी १००, तिसऱ्यासाठी १०५ आणि चौथ्यासाठी ११०. काही वेळा एखादे दल याहून जास्त गुणही मागते.

उर्दू तिसऱ्या गटात आहे, हे वाचून तुम्हांला नवल वाटले असेल. तुम्हांला तर उर्दू सोपी वाटते! पण हे गट इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी केलेले आहेत. इंग्रजी डावीकडून उजवीकडे लिहितात, तर उर्दू उजवीकडून डावीकडे. इंग्रजीत क्रियापद कर्त्यानंतर लगेच येते, उर्दूत ते वाक्याच्या शेवटी येते. म्हणून इंग्रजी बोलणाऱ्याला उर्दू कठीण जाते. मराठीतही क्रियापद शेवटीच येते, हे तुमच्या लक्षात आले असेलच. भाषा मुळात सोपी किंवा कठीण नसते. ती शिकणाऱ्याच्या मातृभाषेपासून किती दूर आहे, यावर ते अवलंबून असते.

चाचणी झाली, गुण कळले. आता उमेदवाराला आवडीची भाषा मिळते का? पुष्कळदा त्याला आपली पसंती लिहून द्यायला सांगतात. पण पसंती म्हणजे हक्क नव्हे. कोणत्या दलाला त्या वर्षी कोणत्या भाषेची माणसे हवी आहेत, हे आधी पाहतात. कोणत्या वर्गात जागा रिकामी आहे आणि तो वर्ग कधी सुरू होणार आहे, हेही पाहतात. उमेदवाराचे गुण पाहतात. या सगळ्यांनंतर त्याच्या आवडीचा विचार होतो. त्यामुळे शाळेत चार वर्षे स्पॅनिश शिकलेल्या मुलाच्या वाट्याला चिनी भाषा येऊ शकते. जपानीची आवड असलेल्या मुलीला अरबी शिकावी लागते. ज्याला गुण जास्त, त्याला अवघड भाषा मिळण्याचा संभवही जास्त!

ही गरज काळाप्रमाणे बदलते. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात तेढ होती, तेव्हा रशियन शिकणाऱ्यांची संख्या मोठी होती. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अनेकांना व्हिएतनामी शिकावी लागली. २००१ नंतर अरबी आणि अफगाणिस्तानातील भाषा यांची मागणी वाढली. म्हणजे सैनिकाची भाषा जगातील घडामोडी ठरवतात.

भाषा मिळाली, की खडतर अभ्यास सुरू होतो. आठवड्याचे पाच दिवस, रोज सहा-सात तास वर्ग असतो. वर्ग लहान असतात. शिकवणाऱ्यांपैकी बहुतेकांची ती मातृभाषाच असते. वर्ग सुटल्यावर घरचा अभ्यास असतोच. शेवटी ऐकणे, वाचणे आणि बोलणे यांची परीक्षा होते. मागे पडणाऱ्याला कधी पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा शिकण्याची संधी मिळते, कधी दुसरी भाषा दिली जाते. तेही जमले नाही, तर त्याला भाषेचे काम सोडून लष्करातील दुसरे काम करावे लागते.

या शाळेची सुरुवात कशी झाली, ती हकिकत ऐकण्यासारखी आहे. १९४१ साली जपानशी युद्ध होण्याची चिन्हे दिसू लागली. जपानी जाणणारे सैनिक लष्कराला हवे होते. अमेरिकेत जन्मलेल्या, पण जपानी आईबापांच्या मुलांना 'निसेई' म्हणत. असे हजारो तरुण लष्करात होते. त्यांना जपानी येतच असेल, असे अधिकाऱ्यांना वाटले. सुमारे ३७०० जणांची तपासणी झाली. तेव्हा शंभरांपैकी जेमतेम दहा जण या कामासाठी उपयोगी निघाले. घरात चार वाक्ये बोलणे वेगळे आणि लष्करी हुकूम वाचणे वेगळे!

१ नोव्हेंबर १९४१ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे विमानांच्या एका जुन्या कोठारात ही शाळा गुपचूप सुरू झाली. शिक्षक चार आणि विद्यार्थी साठ. त्यांपैकी ५८ जण जपानी वंशाचे होते. जॉन आइसो हे मुख्य शिक्षक झाले. ते शिकलेले वकील होते. पण लष्कराने त्यांना मोटारींच्या विभागात काम दिले होते. भाषा येत होती, म्हणूनच त्यांना योग्य जागा मिळाली.

पुढच्याच महिन्यात युद्ध पेटले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सरकारी आदेश निघाला आणि पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांचा काही गुन्हा नव्हता. शाळाही किनाऱ्यापासून दूर, मिनेसोटा राज्यात हलवावी लागली. कित्येक विद्यार्थ्यांचे आईबाप काटेरी तारांच्या आत होते आणि मुलगा त्याच देशासाठी अभ्यास करत होता. आईबापांच्या ज्या भाषेमुळे त्यांच्यावर संशय घेतला गेला, तीच भाषा देशाच्या उपयोगी पडली. युद्ध संपेपर्यंत सुमारे सहा हजार जण येथून शिकून बाहेर पडले. १९४६ मध्ये शाळा माँटेरे येथे आली.

आपली मातृभाषा आपण निवडलेली नसते. ती घरात मिळते. दुसरी भाषा कधी शाळेमुळे मिळते, कधी गावामुळे, तर कधी नोकरीमुळे. सैनिकाला ती हुकमाने मिळते. कोणती भाषा वाट्याला यावी, हे पुष्कळदा आपल्या हाती नसते. पण ती नुसती परीक्षेपुरती ठेवायची, की आपलीशी करायची, हे मात्र शिकणाऱ्याने ठरवायचे असते.

शब्दार्थ

मुलूख – प्रदेश
कुवत – ताकद, क्षमता
बनावट – खरी नसलेली, मुद्दाम तयार केलेली
संभव – शक्यता
तेढ – वैर, बिघडलेले संबंध
खडतर – कठीण
हकिकत – घडलेली गोष्ट
कोठार – सामान ठेवण्याची मोठी जागा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'उर्दू' या शब्दाचा मूळ अर्थ काय?
(आ) चौथ्या गटातील भाषा शिकण्यास किती आठवडे लागतात?
(इ) 'निसेई' कोणाला म्हणत?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) उमेदवाराला भाषा देताना कोणकोणत्या गोष्टी पाहतात?
(आ) इंग्रजी बोलणाऱ्याला उर्दू कठीण का जाते?
(इ) निसेई विद्यार्थ्यांची स्थिती कोणत्या कारणाने अवघड झाली होती?

३. पाठातील बनावट भाषेत 'केली' म्हणजे मांजर. तर 'काळे मांजर' कसे म्हणाल?

४. फौज, मुलूख, हुकूम, कागद, पसंती हे शब्द उर्दूत कसे बोलतात व लिहितात? पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.